शंभरात जिवंत किती

आमच्या खोलीत मरण ही चांगली बातमी असते. दारातून डोकावून कुणी विचारतं, "मेल्या का?" आणि आतून उत्तर येतं, "हो, बऱ्याच मेल्या." बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांच्या कानावर हे गेलं तर त्यांच्या अंगावर काटा येतो. एकदा एका म्हातारबाबांनी मला थांबवून, आत कोण वारलं म्हणून चौकशी केली होती. मी त्यांना म्हणालो, कुणी नाही बाबा, तुम्ही डबा खा.

नाशकातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत मी तंत्रज्ञ आहे. पेशंटच्या गाठीतून किंवा पोटातल्या पाण्यातून निघालेल्या कॅन्सरच्या पेशी आम्ही बाटलीत वाढवतो, त्यांच्यावर वेगवेगळी औषधं घालतो आणि काही दिवसांनी मोजतो, शंभरात जिवंत किती आणि मेलेल्या किती. मोजायची रीत सोपी आहे. पेशींच्या थेंबात निळा रंग मिसळायचा. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. मेलेल्या पेशीचं दार सताड उघडं पडलेलं असतं, रंग आत शिरतो आणि ती निळी दिसते. निळी ती मेली, पांढरी ती जिवंत. शास्त्र एवढंच, बाकी सगळे डोळ्यांचे हाल.

माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं या हालांत गेली. मायक्रोस्कोपखाली चौकटी आखलेली काच ठेवायची, एका हातात अंगठ्याने दाबायचा काउंटर धरायचा आणि टिक टिक करत एकेक चौकट संपवायची. आमच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येक नमुना दोघांनी मोजायचा आणि आकडा एकमेकांना सांगायचा नाही. दोघांचं झाल्यावरच तोंड उघडायचं. आकडे जुळले तर चहा, नाही जुळले तर भांडण आणि पुन्हा मोजणी. मी भांडकुदळ आहे, त्यामुळे माझ्याबरोबर मोजायला कुणी खुशीने बसत नसे. येवल्याची एक सहकारी तेवढी बसायची. तिच्या माहेरी पैठणीचे माग होते. ती म्हणायची, लहानपणी धागे मोजण्यात डोळे गेले, उरलेले तुमच्या पेशींना वाहिले.

मग मोजणीचं मशीन आलं. आकाराने आपल्या मिक्सरएवढं. काचपट्टीवर थेंब सोडायचा, पट्टी आत सरकवायची, की मशीन फोटो काढतं, जिवंत पेशींभोवती हिरवं वर्तुळ आखतं, मेलेल्यांभोवती लाल, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आकडा पुढ्यात ठेवतं. आमच्या विभागप्रमुख मॅडम हरखून गेल्या. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. दोघांनी मोजायची पद्धत त्याच आठवड्यात गेली. मशीनशी भांडणार कोण? मला ते मशीन कधीच आवडलं नाही, पण माझे डोळे आता चाळिशी ओलांडलेले, माझं ऐकणार कोण? त्यामुळे मी कुरकुरलो आणि गप्प बसलो.

घरी मी हे सगळं बायकोला सांगायचो. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी सिडकोतल्या आमच्या गॅलरीत ती भाजी निवडत बसायची आणि मी बोलत सुटायचो, आज या औषधाने इतक्या मेल्या, त्याने काहीच झालं नाही. ती मूळची सटाण्याची. नाशकात एका शाळेत शिकवताना अगदी पुस्तकातलं मराठी बोलायची, पण आईशी फोनवर बोलताना किंवा माझ्यावर वैतागली की सरळ अहिराणीवर यायची. माझं पेशीपुराण फार लांबलं की म्हणायची, "तुम्हनं व्हयनं का? भाजी जळी ऱ्हायनी." मग आम्ही दोघंही हसायचो, कारण भाजी खरंच लागलेली असायची.

तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमोच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे आले. ती आरशात बघून म्हणाली, एवढ्या पैशांत पार्लरवालीने हेच केलं असतं. वर्षभर बरं गेलं. मग तिचं पोट फुगायला लागलं. मला पाहताक्षणी कळलं. अशा पोटातलं पाणी आमच्याकडे बरण्यांतून येतं, ते कशाने होतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिला गॅसेसची गोळी दिली. का दिली, देव जाणे.

डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलातले, सरळ बोलणारे. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की आजार उलटला आहे. दुसऱ्या औषधांची केमो देऊन बघता येईल, पण गुण येण्याची आशा थोडी आणि त्रास बराच. किंवा केमो थांबवायची, पाणी काढत राहायचं, दुखू नये एवढं पाहायचं. दोन्हीतलं काहीही निवडलंत तरी मी सोबत आहे, म्हणाले. आणि मग म्हणाले की पाणी तर काढायचंच आहे, तुम्ही परवानगी दिलीत तर त्यातलं थोडं लॅबला पाठवू. औषधं पेशींवर घालून बघतील. पण हे अभ्यासापुरतं आहे, त्यावर तुमचा निर्णय ठरवू नका. बाटलीतली पेशी वेगळी, माणसाचं शरीर वेगळं. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली. तिनेही हलवली.

आणि तिने नेमका त्यावरच निर्णय ठरवला. पार्किंगमध्ये मी स्कूटर काढत होतो, तेव्हा मागून तिचा आवाज आला. "तुमच्या मशीनमध्ये मेल्या तर मी केमो घेईन. नाही मेल्या तर मला सटाण्याला सोडा. माझे पाय चालतात आणि तोंडाला चव आहे, तोवर मला आईच्या हातची कळण्याची भाकरी खायचीय. ओट्यावर बसून खायचीय, अंथरुणात नाही."

मी तिला समजवायला गेलो. म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलं ना, बाटली वेगळी नि शरीर वेगळं. ती म्हणाली, इतकी वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही मला हेच सांगत आलात, इतक्या मेल्या आणि तितक्या मेल्या. ती सगळी माणसांचीच दुखणी होती ना? मग माझीच पाळी आली तेव्हा त्याला अर्थ नाही कसा? खरं सांगायचं तर मला तिला अडवायचंच नव्हतं. माझाही जीव त्याच आकड्यात अडकला होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमची काडी माझ्याच टेबलावर होती.

बरणी आली तेव्हा तिच्यावर नाव नव्हतं. आम्ही नुसता क्रमांक लावतो. पण त्या दिवशी पाणी काढलेली बाई एकच होती. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्ही या नमुन्याला हात लावायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं. येवल्याच्या सहकारीने सगळं केलं. पाणी यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवल्या, रक्ताचा लाल थर काढून टाकला, थोड्या पेशी एका छोट्या बाटलीत राखून ठेवल्या, बाकीच्या वाट्यांमध्ये वाटल्या. पहिल्या वाटीत औषध नाही, पुढच्या तीन वाट्यांत तीन औषधं. मी दाराशी उभा राहून बघायचो. ती मागे न बघता म्हणायची, सर, जा हो तुम्ही, चहा घेऊन या.

तो उन्हाळा फार वाईट होता, मार्चमध्येच होरपळायला लागलं. नाशिकची हवा थंड म्हणून आम्ही फुशारकी मारायचो, ते दिवस केव्हाच गेले. आमच्या खोलीचा एसी बंद पडला, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत राहिला, आणि औषधं खराब होतील म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून फळीवरचं होतं नव्हतं ते फ्रीजमध्ये कोंबलं. त्यात रंगाची बाटलीही गेली. तो रंग फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो. थंडीत मध दाणेदार होतो तसा तो होतो, बारीक निळे कण धरतो. पूर्वी डोळ्यांनी मोजायचो तेव्हा रोज सकाळी रंग गाळूनच घ्यायचो. मशीनबरोबर तयार रंगाच्या बाटल्या यायला लागल्या आणि गाळणं सुटलं. बाटली फ्रीजमध्ये कुणी ठेवली हे मी नंतरही विचारलं नाही. त्या दिवशी सगळ्यांचेच हात चालले होते.

मोजणीच्या दिवशी मी रजा टाकली नाही. मॅडमनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. सहकारीने रंग छोट्या नळीत काढून घेतला आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. आधी बिनऔषधाची वाटी, तीन वेळा. जवळजवळ सगळ्या जिवंत. मग पहिलं औषध, तीन वेळा. तेच, हिरवीगार वर्तुळं. दुसऱ्या औषधाने थोडा फरक, पण नाव घ्यावं असा नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर गुलमोहराखाली रिक्षावाले झोपले होते. मला वाटलं, संपलं. सटाण्याची गाडी कधी काढायची एवढंच आता ठरवायचं.

मग ती म्हणाली, "सर, इकडे या."

तिसऱ्या औषधाचा फोटो पडद्यावर होता आणि त्यावर लाल वर्तुळांचा सडा पडला होता. शंभरात सत्तरहून जास्त मेलेल्या. तिने दुसऱ्यांदा पट्टी घातली, तेच. तिसऱ्यांदा, आणखी जास्त. मी त्या मिक्सरएवढ्या डब्याला चक्क हात जोडले. सहकारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून पुन्हा करून पाहायला हवं. पण पुन्हा करायला पेशी पुरेशा उरल्या नव्हत्या. राखून ठेवलेल्या बाटलीतल्या वाढायला बरेच आठवडे लागले असते आणि तेवढा वेळ बायकोकडे नव्हता. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, मी यावर जात नाही, पण हे औषध माझ्याही यादीत होतंच. तिची तयारी असेल तर देऊ.

मी जाताना पेढे घेतले. इतका मूर्खपणा मी आयुष्यात केला नव्हता. दार उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पुड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या वाटतं." मग तिने आईला फोन लावला आणि सांगितलं की आता लगेच नाही येत, पावसाळा झाला की येते. फोनवरचं पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. ही हसत होती एवढं दिसलं.

ते औषध वाईट होतं. पहिल्याच फेरीनंतर तिच्या तोंडात फोड आले. जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू, सगळं सोललेलं. पाणी प्यायलं तरी डोळे मिटायची. तळपायांना मुंग्या यायच्या, मग ते बधिर झाले. चप्पल पायातून निघून गेलेली तिला कळायची नाही. तरी ती तोंड वाकडं करून म्हणायची, तुमच्या मशीनमध्ये माझं तोंडही घालून बघायचं होतं, शंभरात किती उरलं ते. मी तिला थंड ताक चमच्याने भरवायचो आणि सांगायचो की त्रास होतोय म्हणजे औषध काम करतंय. पोटातलं पाणी पुन्हा भरलं, तेव्हा मी त्याचीही फोड करून सांगितली. पेशी मरतात तेव्हा सुरुवातीला असं होतं म्हणालो. असं कुठे लिहिलेलं नाही. पण मी मनापासून सांगत होतो, आणि ती ऐकत होती, कारण या विषयातला घरातला जाणकार मीच होतो.

दुसरी फेरीही झाली. तिसरीची तारीख लागली. त्या सुमाराला मशीनची वर्षाची तपासणी करायला कंपनीचा माणूस आला. त्याने पट्टीवर पेशी घातल्याच नाहीत, नुसतं पाणी आणि रंग घातला. मशीन स्वच्छ आहे का, पडद्यावर शून्य येतं का, हे बघायला. शून्य आलं नाही. मशीनने लाल वर्तुळं आखली. पेशीच नाहीत, आणि मेलेल्या मात्र भरपूर. सगळे हसले. सहकारी म्हणाली, मशीनला भुतं दिसायला लागली. मीही हसलो, चांगलं मोठ्याने हसलो. त्या माणसाने रंगाची नळी उजेडात धरली आणि म्हणाला, साहेब, हा रंग बसलाय. तळाशी बघा, सगळा गाळ. वरचा रंग चांगला आहे, पण नळी संपत आली की हाच गाळ वर येणार आणि मशीन त्याला मेलेली पेशी समजणार. निळं ते मेलेलं, त्याला काय कळतंय?

नळी संपत आली की. मी हसायचा थांबलो.

तो माणूस जाईपर्यंत मी कसा बसलो, मला ठाऊक नाही. मग मशीनमध्ये साठवलेले तिचे फोटो उघडले. बिनऔषधाच्या वाटीचे, पहिल्याचे, दुसऱ्याचे. ते स्वच्छ होते. तिसऱ्या औषधाचे फोटो मी मोठे करून पाहिले. लाल वर्तुळांच्या आत पेशी नव्हत्या. तुटक्या, टोकेरी कडांचे निळे कण होते, काही एकटे, काही घोळक्याने. आणि त्यांच्या मधेमधे हिरव्या वर्तुळांत तिच्या पेशी बसल्या होत्या, गोल, तुकतुकीत, कडेला चकाकणाऱ्या. इतक्या निरोगी पेशी मी क्वचित पाहिल्या असतील. शेवटची वाटी म्हणून तिला नळीच्या तळाचा रंग मिळाला होता, तिन्ही वेळा. म्हणूनच तिन्ही आकडे एकमेकांना धरून होते. म्हणूनच तिसरा सगळ्यात जास्त होता.

मी कपाटातून जुना काउंटर काढला आणि पडद्यावरच्या पेशी एकेक करून मोजल्या. मग सहकारीला हाक मारली, खुर्ची दिली आणि काही न सांगता म्हणालो, मोजा. तिने मोजलं. आम्ही दोघांनी आकडा सांगितला आणि तो जुळला. शंभरात नव्वद जिवंत. त्या औषधाने काहीही केलं नव्हतं. तिने पडद्याच्या कोपऱ्यातला क्रमांक वाचला आणि तोंडावर हात घेतला. कुणीच चहाचं नाव काढलं नाही.

डॉक्टर शांतपणे म्हणाले की मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. खरं होतं ते. स्कॅन तसाही करायचाच होता, तो लगेच करून घेतला. गाठी वाढल्या होत्या. मॅडमनी रंगाच्या सगळ्या बाटल्या फेकल्या, गाळल्याशिवाय रंग वापरायचा नाही अशी सूचना भिंतीवर लावली. आमच्याकडे चूक झाली की भिंतीवर कागद लागतो. ती भिंत आता दिसत नाही इतके कागद आहेत.

तिला सांगायला हवं होतं. स्कॅनचं डॉक्टर सांगणार होते, पण मशीनचं मीच सांगायला हवं होतं. क्षणभर मनात आलं की नकोच. आजार वाढला एवढं कळलं तरी ती केमो थांबवेल, मग निळे कण तिला कशाला? तिच्या मनात तरी राहील की निर्णय चांगल्या आकड्यावर घेतला होता, पुढे नशीब फिरलं. पण इतकी वर्षं संध्याकाळी मी तिला प्रत्येक आकडा खरा सांगितला होता. माझ्या हातात तिला देण्यासारखं दुसरं काही राहिलंही नव्हतं.

दुपारची वेळ होती. ती पलंगावर पाय पसरून बसली होती, पायांत लोकरी मोजे, उन्हाळा असूनही. मी सगळं सांगितलं, बाटली, फ्रीज, नळीचा तळ, कण. ती शिक्षिका होती, मधे प्रश्न विचारत तिने नीट समजून घेतलं. मग आईशी बोलायची त्या भाषेत म्हणाली, "म्हणजे त्या जित्याच शेतस."

मी म्हणालो, "हो."

"मग मी हे तोंड कशासाठी जाळून घेतलं?"

मी रडायला लागलो. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. मी चिडका माणूस आहे, मला चिडण्याशी दोन हात करता येतात. ती चिडली नाही. तिला फार दुःख झालं होतं, ते तिच्या सगळ्या अंगावर दिसत होतं. ती म्हणाली, मार्चमध्ये मला पायऱ्या चढता येत होत्या हो. आणि मग, माझी बॅग काढा.

सटाण्याला आम्ही गाडी करून गेलो. तिला बसवेना, मागच्या सीटवर आडवी झाली होती. देवळा सोडल्यावर तिने मला खिडकीतून काय दिसतं ते विचारलं. मी सांगितलं, कांद्याच्या चाळी, ट्रॅक्टर, ढग. ओट्यावर सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन मुलीला उतरवून घेतलं. मार्चमध्ये फोनवर हसणाऱ्या मुलीची त्या वाट बघत होत्या आणि आम्ही त्यांना हे आणून दिलं होतं. ती ओट्यावर बसू शकली नाही. आतल्या खोलीत खिडकीशी तिचं अंथरूण घातलं.

तिथे असताना मला एकदा लॅबमधून फोन आला. येवल्याची सहकारी होती. अडखळत म्हणाली, सर, ती राखून ठेवलेली छोटी बाटली भरलीय, पेशी खूप वाढल्यात. मॅडम म्हणताहेत, तुम्हाला विचारून मगच काय ते करू. पोसायच्या की काय करायचं? मी अंगणात जाऊन हळू आवाजात म्हणालो, ब्लीच ओता आणि टाकून द्या. आत आलो तर तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, ब्लीच इथेही थोडं मागवून घ्या. आणि हसायला गेली, पण ओठ फुटून रक्त आलं.

सासूबाईंना मशीन, रंग, कण यातलं काही कळलं नाही आणि आम्ही सांगितलंही नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की मुलीने भाकरी मागितली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ज्वारी-उडदाचं कळणं दळून आणलं. चुलीवर भाकरी केली, ठेचा केला, वर तेल घातलं आणि ताट घेऊन अंथरुणाशी बसल्या. एवढासा तुकडा ताकात कुस्करून, मऊ करून त्यांनी तिच्या ओठाशी नेला. तिने तो तोंडात घेतला. तिचा चेहरा असा पिळवटला की मी दुसरीकडे बघितलं. तिने तुकडा रुमालात काढून टाकला. तोंडातल्या फोडांना मिठाचा कणही सोसवत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, उद्या बिनमिठाची करीन. तिने नकारार्थी मान हलवली.

मग तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही खा. माझ्यासमोर खा."

मी नको म्हणालो. ती ऐकेना. मी मांडी घालून बसलो आणि एक घास खाल्ला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "कशी व्हयनी शे?" तिने विचारलं. मी म्हणालो, चांगली झालीय. ती म्हणाली, असं नाही, नीट सांगा. म्हणून मी नीट सांगितलं. कडा खरपूस आहेत, मध्ये मऊ आहे, एका बाजूला थोडी करपलीय. उडदाचा वास येतो. ठेच्यात लसूण जास्त पडलाय, तेलाने तिखट थोडं दबलंय, मीठ बरोबर आहे. तिने डोळे मिटले होते आणि तिचा जबडा हळूहळू हलत होता, घास घोळवल्यासारखा.

ती होती तोवर रोज दोन्ही वेळा असंच चाललं. सासूबाई भाकरी करायच्या, मी तिच्या अंथरुणाशी बसून खायचो आणि तिला सांगायचो. सांगायला जीव कसानुसा होतो, पण भाकरी खरंच फार चांगली होती.